रक्तवाहिनी ‘साफ’ करणारं सगळ्यात चांगलं यंत्र कोणतं?

पत्राचा सारांश: पत्र साताऱ्याकडच्या एका ताईंचं आहे. वडील 69 वर्षांचे, निवृत्त शिक्षक, वीस वर्षांपासून मधुमेह. एरवी रोज सकाळी अजिंक्यताऱ्याची चढण चढायचे. दोन-तीन महिन्यांपासून चढावर छाती जड व्हायला लागली. अँजिओग्राफी झाली. डावीकडच्या पुढच्या मोठ्या धमनीत, रिपोर्टमध्ये जिला एलएडी लिहिलंय तिच्यात, 85 टक्के अडथळा आणि ‘भरपूर कॅल्शियम’. उजव्या धमनीत 50 टक्के. पंपिंग चांगलं. एका डॉक्टरांनी ‘रोटा करून स्टेंट’ सांगितलं, दुसऱ्यांनी ‘शॉकवेव्ह करून स्टेंट’. दोन्हींत साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा लाख-दीड लाख जास्त. अमेरिकेतला भाऊ म्हणतो, बायपासच करा. काकांनी सलाईन लावून नसा साफ करून देणाऱ्या एका केंद्राचं पत्रक आणलंय. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि त्रास बराच कमी आहे. ताई विचारतात: आतला थर एकदाच पूर्ण खरवडून काढेल असं सगळ्यात चांगलं यंत्र कोणतं? स्वस्तातलं निवडलं तर बाबांवर अन्याय होईल का? बाबा घाबरतील म्हणून त्यांना अजून सगळं सांगितलेलं नाही.

प्रिय ताई,

मी बाबांना तपासलेलं नाही, त्यांची सीडी पाहिलेली नाही. त्यामुळे रोटा की शॉकवेव्ह, याचं उत्तर या सदरातून मिळणार नाही. नुसत्या पत्रावरून कुणी दिलंच, तर घेऊ नका. मात्र तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. तिच्याबद्दल आधी बोलते, कारण तुमची निम्मी घालमेल तिथूनच आलेली दिसते.

तुम्ही ‘खरवडून काढणं’ असं लिहिलंय. डोळ्यांसमोर असणार तो चोंदलेला नळ. आत गाळ बसलाय, तार घातली, फिरवली, पाणी धो धो. डॉक्टरही घाईत हेच उदाहरण देतात, म्हणून दोष तुमचा नाही. पण धमनीच्या आत जो थर साठतो तो पृष्ठभागावर चिकटलेला नसतो. धमनीला अगदी आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं आणि हा साठा त्या अस्तराच्या खाली, भिंतीच्या जाडीत होतो. त्यात कोलेस्टेरॉल असतं, दाह करणाऱ्या पेशी असतात, तंतू असतात आणि वर्षं गेली की कॅल्शियम. बरीच वर्षं तर धमनी बाहेरच्या बाजूला फुगून या साठ्याला जागा करून देते, आतली वाट तेवढीच राहते. म्हणजे अँजिओग्राफीत ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या भागातही भिंतीत आजार असू शकतो. आता सांगा, भिंतीतला आजार भिंत न दुखावता पूर्ण खरवडणार कसा?

गंमत म्हणजे ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. 1977 मध्ये झुरिकला आन्द्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. उपाय चालला, पण बऱ्याच जणांची धमनी काही महिन्यांत पुन्हा आकसायची. साहजिकच वाटलं की नुसतं दाबून उपयोग नाही, माल बाहेर काढायला हवा. कॅलिफोर्नियातले जॉन सिम्पसन यांनी त्यासाठी एक देखणं उपकरण केलं. धातूची बारीक नळी, तिला एका बाजूला खिडकी, आत फिरणारं पातं. थर खिडकीतून आत आला की पातं त्याचा काप काढायचं आणि तो पुढच्या टोकात साठवायचं. 1990 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. खरवडलेला माल बाटलीत घालून दाखवता यायचा, आणि नातेवाईकांना त्याचं केवढं समाधान वाटत असेल! मग 1993 मध्ये हजारावर रुग्णांवरचा अभ्यास आला. खरवडलेली धमनी लगेचच्या चित्रात थोडी जास्त मोकळी दिसत होती. सहा महिन्यांनी फुग्याच्या तुलनेत जेमतेम फरक उरला होता आणि सुरुवातीची गुंतागुंत मात्र जास्त झाली होती. पुढे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी धरणाऱ्या जाळीच्या नळ्या, आले, औषध लावलेले स्टेंट आले, आणि हृदयाच्या धमनीत माल काढायच्या या उपकरणाचं दुकान जवळजवळ बंद झालं.

मग आज तुम्हाला सांगितलेली यंत्रं काय करतात?

रोटा म्हणजे रोटाब्लेटर. डेव्हिड ऑथ नावाच्या इंजिनिअरची कल्पना, अमेरिकेत परवानगी 1993 ची. ऑलिव्हच्या फळाच्या आकाराचं धातूचं अगदी छोटं डोकं, त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली. केसासारख्या तारेवरून ते आत सरकतं आणि मिनिटाला साधारण दीड लाख फेरे घेतं. कडक भाग घासला जातो, मऊ लवचीक भाग बाजूला सरकतो. निदान अपेक्षा तशी असते. जो भुगा होतो त्याचे बहुतेक कण तांबड्या पेशीहूनही लहान असतात. ते रक्ताबरोबर पुढे जातात आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावतं. एका वेळी पंधरा-वीस सेकंदच चालवतात, थांबतात, पुन्हा चालवतात.

आता मापं बघा. बाबांच्या त्या धमनीचा मूळ व्यास धरू तीन मिलिमीटरच्या आसपास. रोटाचं डोकं बहुधा सव्वा किंवा दीड मिलिमीटरचं निवडतात, धमनीच्या साधारण निम्मं. मुद्दामच. मोठं डोकं घातलं तर जास्त घासलं जाईल, पण धमनीला भोक पडायचा धोकाही वाढतो. तीन मिलिमीटरच्या वाटेत दीड मिलिमीटरची खोबण करणं याला कुणी साफसफाई म्हणणार नाही. रोटाचं काम इतकंच, की कॅल्शियमच्या कड्याचा ताठपणा मोडायचा, म्हणजे पुढे फुगा जाईल, तो पूर्ण फुगेल आणि स्टेंट नीट उघडून भिंतीला टेकेल. अर्धवट उघडलेला स्टेंट पुन्हा आकसण्याची, त्यात गुठळी होण्याची भीती जास्त असते. सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

शॉकवेव्हमध्ये तर काहीच बाहेर येत नाही. मुतखडा फोडायला शरीराबाहेरून लहरींचे धक्के देतात ते तुम्ही ऐकलं असेल; तीच युक्ती फुग्याच्या आत बसवली आहे. फुग्यात द्रव असतो, आत बारीक ठिणग्या पडतात, त्यातून दाबाच्या लहरी निघतात आणि भिंतीतल्या कॅल्शियमला तडे जातात. फुगा स्वतः अगदी हलक्या दाबाने, हवेच्या सामान्य दाबाच्या चारेक पट इतकाच, फुगवलेला असतो. हृदयाच्या धमन्यांसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली 2021 मध्ये, म्हणजे तसं हे नवं आहे. तडकलेलं कॅल्शियम तिथेच राहतं, त्याच्यावर स्टेंट बसतो. आणि दादा म्हणतो त्या बायपासमध्ये सर्जन त्या थराला बहुतेक वेळा हातही लावत नाहीत. अडथळ्याच्या पलीकडे नवी रक्तवाहिनी जोडून देतात.

म्हणून ‘एकदाच पूर्ण साफ’ या मालाचं दुकानच नाही, ताई. बाबांना सुचवलेली दोन्ही यंत्रं स्टेंटसाठी जागा तयार करणारी आहेत.

दोन डॉक्टरांनी दोन यंत्रं सांगितली म्हणून एक चूक आणि दुसरा बरोबर, असं समजू नका. ढोबळ नियम असा, की अडथळा इतका अरुंद आणि खडबडीत असेल की फुगाच पलीकडे जात नाही, तिथे रोटा लागतो, कारण शॉकवेव्हही शेवटी फुग्यावरच बसवलेलं आहे; तोच गेला नाही तर लहरी सोडणार कुठे? फुगा जातोय पण फुगत नाही, मध्ये कंबर आवळल्यासारखी राहते, तिथे शॉकवेव्ह किंवा बारीक पाती लावलेला कापणारा फुगा. कधी कधी आधी रोटा, मग शॉकवेव्ह, अशी दोन्ही वापरावी लागतात. हाताला कशाची सवय आहे याचाही भाग असतो, आणि त्यात वावगं काही नाही. वर्षानुवर्षं रोटा चालवणाऱ्याच्या हातात रोटा सुरक्षित. वर्षातून दोनदा चालवणाऱ्याच्या हातात तो असावा असं मला वाटत नाही.

ही निवड नीट व्हायची तर धमनीच्या आत डोकावावं लागतं. अँजिओग्राफी ही सावली असते. कॅल्शियम आहे हे तिच्यात दिसतं, किती जाड ते कळत नाही. त्यासाठी धमनीत बारीक नळी घालून आतून चित्र घेतात: आयव्हीयूएस, म्हणजे ध्वनिलहरींनी, किंवा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने. ओसीटीत कॅल्शियम अर्ध्याहून अधिक वर्तुळात पसरलेलं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड आणि पाच मिलिमीटरपेक्षा लांब दिसलं, तर साध्या फुग्यावर स्टेंट नीट उघडणार नाही ही शंका बळावते. त्याहून कमी असेल तर जास्त दाबाचा साधा फुगाही काम करून जातो आणि तुमचे लाख-दीड लाख वाचतात. बाबांची वीस वर्षांची साखर आहे, म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची रक्तचाचणी, किती ते आधी बघा. ओसीटीला जास्तीचा डाय लागतो, आयव्हीयूएसला लागत नाही. मूत्रपिंडं नाजूक असतील तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता तुमचा ‘अन्याया’चा प्रश्न. तो मला पत्रातला सगळ्यात जड भाग वाटला. महागडं यंत्र म्हणजे जास्त प्रेम, हे गणित दवाखान्याच्या काउंटरसमोर उभं राहिलं की आपोआप मनात येतं. पण पुरावा तसं म्हणत नाही. हिऱ्याची कणी लावलेलं, थोडं वेगळ्या पद्धतीने कक्षेत फिरणारं एक यंत्र आहे. त्याच्यावर अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, 2024 मध्ये निकाल आला. सगळ्यांच्या धमन्यांत भरपूर कॅल्शियम होतं. अर्ध्यांना स्टेंटआधी हे यंत्र, अर्ध्यांना फुगे. वर्षभरानंतर यंत्रवाल्यांचं काही भलं झालेलं दिसलं नाही. हे ज्यांच्यात दोन्ही मार्ग शक्य वाटत होते त्यांच्याबद्दल, हे लक्षात ठेवा. जिथे फुगा जातच नाही तिथे यंत्राला पर्याय नसतो. गरज असेल तर घ्यायचं, शोभेसाठी नाही. डॉक्टर ‘आधी फुग्याने बघू, नाही उघडलं तर रोटा तयार ठेवतो’ असं म्हणाले, तर ती काटकसर समजू नका. पुष्कळदा तोच शहाणपणाचा क्रम असतो. अट एकच: यंत्र आणि ते चालवणारा त्याच इमारतीत, त्याच वेळी हजर हवा.

रोटाचे धोकेही ऐकून घ्या, कारण पत्रात फक्त फायदे आलेत. भुग्यामुळे थोडा वेळ रक्तप्रवाह मंदावू शकतो. ठोके संथ होऊ शकतात. उजव्या धमनीत काम असेल तर जास्त, म्हणून कधी कधी तात्पुरता पेसमेकर लावून ठेवतात. शंभरात एखाद-दुसऱ्याच्या धमनीला भोक पडतं. क्वचित डोकं आत अडकतं. या गोष्टी सांभाळायला अनुभव आणि मागे सर्जरीची सोय लागते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: ‘तुम्ही वर्षाला अशा किती केसेस करता? अडचण आली तर सर्जन कुठे आहेत?’ चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. रागावला तर तेही कळलं.

पैशाचं आणखी थोडं. स्टेंटची कमाल किंमत सरकारने 2017 च्या फेब्रुवारीत बांधून दिली. औषध लावलेल्या स्टेंटसाठी तेव्हा ती 29,600 रुपये होती, नंतर घाऊक महागाईप्रमाणे बदलत आली. बिलात स्टेंट वेगळा, नावासह दाखवणं बंधनकारक आहे. रोटाचं डोकं आणि शॉकवेव्हचा फुगा यांना तशी मर्यादा नाही, आणि तुमचं बिल फुगतंय ते तिथेच. तेव्हा ‘पॅकेज’ असा एक आकडा न घेता स्टेंट, जागा तयार करायचं साधन, आतून चित्र घेण्याचा खर्च आणि डॉक्टरांची फी अशी फोड लेखी मागा. साधन उघडावं लागलंच नाही तर ती रक्कम वजा होणार का, हेही आधीच विचारून ठेवा. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येते. त्यात रोटा किंवा शॉकवेव्ह धरलंय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे बसून त्याच दिवशी तपासा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

दादाच्या म्हणण्याकडे वळते. त्याचं बोलणं हवेतलं नाही. मधुमेह असलेल्या आणि दोन-तीन मोठ्या धमन्यांत अडथळे असलेल्या रुग्णांत बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते, हे 2012 च्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं: पाच वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्ही कमी, पक्षाघात मात्र थोडा जास्त. दादाने हेच वाचलं असणार. पण बाबांच्या उजव्या धमनीत 50 टक्के आहे, आणि असा 50 टक्के अडथळा खरोखर रक्त अडवतोय का हे चित्रावरून ठरत नाही. दाब मोजणारी तार घालून अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब बघता येतो, गुणोत्तर 0.80 च्या वर असेल तर त्या धमनीला सहसा हात लावत नाहीत. तसं निघालं तर बाबा दादाच्या अभ्यासातले रुग्णच नव्हेत, त्यांचा खरा आजार एका धमनीपुरता. उलट निघालं तर दादाचा मुद्दा वजनदार होतो, आणि मग कार्डिओलॉजिस्टबरोबर हार्ट सर्जनचंही मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दादाला हेच कळवा, रिपोर्टचे फोटो नुसते फॉरवर्ड करण्यापेक्षा अँजिओची पूर्ण चित्रफीत पाठवा. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी ठाम बोलल्याशिवाय चैन पडत नसतं. त्याला बघायला खरं काही दिलं तर भांडण कमी होतं.

काकांच्या पत्रकाबद्दल मी एवढी मऊ राहणार नाही. सलाईनमधून ईडीटीए नावाचं रसायन देऊन कॅल्शियम ‘विरघळवण्याचा’ हा जुना धंदा आहे. 2013 मध्ये एका अभ्यासाने, विशेषतः मधुमेहींमध्ये, थोडी आशा दाखवली होती हे खरं. म्हणून आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे हजार मधुमेहींवर पुन्हा तोच प्रयोग नीट केला गेला, आठवड्याला एक अशा चाळीस सलाईन. 2024 मध्ये निकाल आला: काही फायदा नाही. रक्तातलं शिसं कमी झालं, हृदयाचं मात्र काही भलं झालं नाही. वेगाने दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. काकांना दुखवू नका, त्यांना बाबांची काळजी आहे. पण बाबांच्या गोळ्या बंद करून ही सलाईन सुरू करा असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या.

आता ज्या पर्यायाबद्दल पत्रात एका ओळीत उल्लेख करून तुम्ही पुढे गेलात, त्याबद्दल. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि त्रास बराच कमी आहे. ही साधी गोष्ट नाही. श्रमानंतरच दुखतं, पंपिंग फार खालावलेलं नाही, डावी मुख्य धमनी मोकळी, अशा पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये जाहीर झाला. अर्ध्यांना औषधांबरोबर लगेच स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी फक्त उत्तम औषधं. तीन-साडेतीन वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत ठोस फरक निघाला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासने जास्त बरं वाटलं, हाही निकाल तितकाच खरा. ‘85 टक्के’ हा आकडा ऐकून घर हादरतं, पण अनेक हार्ट अटॅक कमी अडथळ्याच्या, मऊ, फुटणाऱ्या जागी येतात. तेव्हा डॉक्टरांना विचारा: ‘बाबांना ही प्रक्रिया आयुष्य वाढवायला हवी की त्रास कमी करायला? आणि सहा आठवडे औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन मग ठरवलं तर काय बिघडेल?’ काही वेळा उत्तर येईल की थांबू नका, एलएडीच्या अगदी उगमाशी अडथळा आहे किंवा ताण-चाचणी वाईट आली आहे. ते उत्तर पटण्यासारखं आहे. ‘कॅथ लॅबमध्ये उद्याची तारीख मोकळी आहे’ हे उत्तर नव्हे.

आणि भिंतीतल्या आजारावर, बाबांच्या सगळ्या धमन्यांवर एकाच वेळी, काम करतात त्या या कंटाळवाण्या गोळ्याच. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने, आणि त्याच्या जोडीच्या औषधांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55 च्या खाली, आपल्याकडचे बरेच तज्ज्ञ म्हणतात 50 च्या खाली, आणलं की साठा वाढायचा थांबतो, थोडा आकसतोही. किती? अभ्यासांत टक्का-दीड टक्का. ऐकून निराशा होते, पण तेवढ्यात झटके कमी होतात, कारण उरलेला साठा घट्ट होतो, फुटत नाही. स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर थोडा वाढलेला दिसू शकतो तो त्यामुळेच. पुढेमागे असा रिपोर्ट आला तर ‘गोळीने कॅल्शियम वाढवलं’ म्हणून ती बंद करू नका. बाबा तंबाखू किंवा मिश्री लावत असतील, तुम्ही लिहिलेलं नाही, तर ती सुटणं कुठल्याही हिऱ्याच्या यंत्राहून मोलाचं.

अशाच प्रश्नाची आणखी पत्रं येतात, पायांच्या आणि मानेच्या धमन्यांबद्दलची, त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘थर काढून टाकणं’ खऱ्या अर्थाने होतं ते उघड्या शस्त्रक्रियेत. लिस्बनला जुआंव सिद दुश सांतुश या सर्जननी 1940 च्या दशकात धमनी उघडून आतल्या अस्तरासकट थर सोलून काढला, तेव्हापासून ही पद्धत आहे. मानेच्या धमनीत मोठा अडथळा असेल आणि नुकताच छोटा पक्षाघात किंवा काही मिनिटांचा झटका येऊन गेला असेल, तर ही शस्त्रक्रिया आजही उत्तम उपाय मानतात, आणि ती दोन आठवड्यांच्या आत व्हावी हे बघा. जांघेतल्या मोठ्या धमनीतही तेच. तिथे धमनी मोठी, हाताला लागणारी, म्हणून जमतं. पायात खरवडणारी यंत्रंही वापरतात, पण नुसतं चालताना पोटरी दुखत असेल तर आधी गोळ्या, तंबाखू बंद आणि रोजचं नेमाचं चालणं, दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालणं. मधुमेहात पायाला जखम झाली, बोट काळं पडलं, तर मात्र यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा.

शेवटी बाबा. ताई, चार माणसं, इतके अभ्यास, दोन यंत्रं, आणि ज्याच्या छातीत हे होणार त्यालाच माहीत नाही. ते घाबरतील म्हणता. ते रोज गडावर जायचे आणि आता जात नाहीत; त्यांना काहीच कळलेलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? आयुष्यभर वर्गासमोर उभा राहिलेला माणूस आहे. कागदावर धमनी काढून दाखवा, त्यांना समजेल. संमतीपत्रावर सहीही त्यांचीच लागणार आहे, ती अर्धवट माहितीवर घेऊ नका. त्यांना विचारा: पुन्हा गड चढायचाय, की घरापासून बाजारापर्यंत न दुखता जाता आलं तरी पुरे? पहिलं असेल तर प्रक्रियेकडे कल झुकतो, दुसरं असेल तर औषधांवर थांबायला अवकाश आहे. प्रक्रिया ठरलीच तर हेही सांगा, की भूल बहुधा मनगटापुरती असते, ते जागे असतील, रोटा चालू झाल्यावर बारीक घरघर ऐकू येईल आणि छातीत थोडा वेळ जड वाटू शकेल. आधी सांगितलेलं असलं की माणूस तेवढा दचकत नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या किमान काही महिने चुकवायच्या नसतात. दात काढायचा आहे म्हणून दुसऱ्या कुणी बंद करा म्हटलं तरी आधी कार्डिओलॉजिस्टला फोन.

तोवर घरात सॉर्बिट्रेटची गोळी बाबांच्या हाताशी ठेवा, मुदत संपली नाही ना ते बघून. दुखलं तर आधी बसायचं, मग जिभेखाली एक. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा बसल्याजागी, झोपेतून उठवून दुखायला लागलं, घाम फुटला, तर वरचं सगळं पान बाजूला ठेवायचं आणि 108 लावायचा. मधुमेहात दुखणं कमी जाणवतं, नुसतीच धाप किंवा अचानक गळून जाणं असतं. तेही तितकंच गंभीर धरा.